जुळे सोलापूर : आठ महिन्यांत एकच स्लॅब. पुढचा खोळंबा आधी कसा ओळखायचा?

लेकीची_वास्तू · १२ ऑक्टोबर २०२५

नमस्कार. जुळे सोलापुरात आमचा दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट आहे. खाली पार्किंग आणि वर दोन मजले असं घर बांधतोय. वडिलांची ग्रॅच्युइटी आणि माझ्या नावावरचं गृहकर्ज, यावर सगळं चाललंय. फेब्रुवारीच्या शेवटी भूमिपूजन झालं. अकरा महिन्यांत किल्ली देतो, असं ठेकेदार म्हणाले होते. आठ महिने होत आले आणि उभं काय आहे, तर प्लिंथ (जोतं), पार्किंगचे कॉलम आणि पहिला स्लॅब.

काय काय झालं ते सांगते. खोदाईत काळी माती चार फूट धरली होती, ती सात फूट निघाली. फुटिंगचं, म्हणजे कॉलमखालच्या पायाचं, ड्रॉइंग बदलून येईपर्यंत महिना गेला. मे महिन्यात लग्नसराईला म्हणून गवंडी गावी गेले, ते वीस दिवस फिरकले नाहीत. जूनमध्ये स्लॅब पडला. जुलैमध्ये वरच्या मजल्याच्या जिन्याची जागा आम्हीच बदलली. आईचे गुडघे दुखतात, तिला बुटक्या पायऱ्या हव्या होत्या. ऑगस्टमध्ये वाळू मिळेना. सप्टेंबरमध्ये आधी पाऊस आणि मग सीनेचा पूर. वडकबाळच्या पुलावर वाहतूक थांबली, माल तिकडेच अडकला. आता म्हणतात, दिवाळीनंतर जोरात लावतो.

दर वेळचं कारण खरं असतं, ठेकेदार खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. पण ते मला नेहमी घडून गेल्यावर कळतं. घरभाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही चालू आहे. वडील रोज संध्याकाळी साइटवर जातात आणि स्लॅबवर आलेल्या सळयांकडे बघत उभे राहतात. मला ते बघवत नाही. येत्या अक्षय तृतीयेला वास्तुशांत व्हावी अशी त्यांची फार इच्छा आहे. पुढे काय अडणार हे आधी कळायची काही रीत आहे का?

---

ओळंबा · १३ ऑक्टोबर

ताई, सोलापुरात साइट सुपरवायझर म्हणून माझी सव्वीस वर्षं गेली. मालक मला बहुतेक वेळा "आता काय करू" असं विचारतात. तुम्ही "आधी कसं कळेल" विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची सहा कारणं पुन्हा वाचा. माती, मे महिना, वाळू आणि पाऊस, ही चार भूमिपूजनाच्या दिवशीच माहीत होती. काळ्या मातीची खोली एकाच प्लॉटमध्येही सारखी नसते, म्हणून ड्रॉइंग करायच्या आधी चारही कोपऱ्यांत आणि मधोमध एकेक खड्डा घेऊन मुरूम कुठे लागतो ते बघायचं असतं. पाच खड्ड्यांना जेसीबीचा अर्धा दिवस लागतो. तो वाचवला आणि महिना गेला. नदीतली वाळू १० जून ते ३० सप्टेंबर काढताच येत नाही, दरवर्षीचंच आहे हे. आणि आपल्याकडे जून-जुलै कोरडे जाऊ शकतात, पण सप्टेंबर सोडत नाही. सोलापूरचा सगळ्यात जास्त पावसाचा महिना तोच. अवचित आला तो फक्त पूर. जिन्याचं वेगळं आहे, त्यावर नंतर येतो.

माझ्याकडे प्रत्येक कामाची दोनशे पानी वही असते. पहिल्या पानावर मी हिशेब लिहीत नाही. हे काम कशाकशानं अडेल ते लिहितो आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी : चाहूल कधी आणि कशी लागेल, लक्ष कोण ठेवणार, आणि चाहूल लागली तर त्याच दिवशी काय करायचं. "मजूर मिळणार नाहीत" असं नुसतं लिहून काही होत नाही. "१ नोव्हेंबर, मुकादमाला विचारणे, किती जण कारखान्यावर जाणार, चारपेक्षा जास्त गेले तर दुसऱ्या मुकादमाला ३ तारखेला बोलावणे, मी स्वतः" असं लिहिलं तर होतं.

ही वही मी एका चुकीनंतर सुरू केली. ती सांगतो, कारण अशीच चूक आजही कुठे ना कुठे चाललेली दिसते.

२०२० चा ऑक्टोबर. विजापूर रोडच्या बाजूला एका बंगल्याचं काम होतं, अकरा फुटिंग. जेसीबी आलाच आहे, पुन्हा कशाला बोलवायचा, म्हणून मी अकराच्या अकरा खड्डे एका दिवसात काढून घेतले. पाच फूट काळी माती, खाली मुरूम. पाच खड्ड्यांत पीसीसी, म्हणजे तळाचा साध्या काँक्रीटचा थर, झालं, त्यातल्या तिघांत सळयांच्या जाळ्या बसवून त्या तळाला टेकू नयेत म्हणून कव्हर ब्लॉकही लावले. त्या महिन्याच्या मध्याला जिल्ह्यात जो पाऊस कोसळला तो तुम्हाला आठवत असेल. रात्रभर पडला. सकाळी सहाला मी साइटवर गेलो तर खड्डे दिसतच नव्हते. सगळा प्लॉट एकसारखा चॉकलेटी पाण्याचा. काठीनं चाचपत चाललो तर काठाची माती पायाखालून सुटत होती. पंप लावून पाणी काढायला तीन दिवस गेले. पाणी गेल्यावर दिसलं की बाजू ढासळून जाळ्या गुडघाभर चिखलात गाडल्या गेल्यात. तो चिखल फावड्याला चिकटतो, सुटत नाही. बायका घमेली हातानं निपटून रिकामी करत होत्या. सळया तारेच्या ब्रशनं घासल्या. ज्या खड्ड्यांत पीसीसी नव्हतं तिथला तळ भिजून मऊ झाला होता, तो आणखी फूटभर खाली नेला. चोवीस दिवस गेले आणि मालकाचा पैसा गेला. पाऊस माझ्या हातात नव्हता, पण अकरा खड्डे एकदम उघडणं माझ्याच हातात होतं. तेव्हापासून ऑगस्ट ते ऑक्टोबर मी तीन दिवसांत भरून होतील तेवढेच खड्डे उघडतो. जेसीबीचं भाडं दोनदा पडतं, पडू दे.

आता तुमच्या कामाचं. पावसाची मोठी भीती सरली. पुढची सहा महिन्यांची गाठ माणसांशी, पाण्याशी आणि तुमच्या स्वतःच्या निर्णयांशी आहे.

माणसांचं आधी. दिवाळीनंतर जोरात लावतो, हे वाक्य मी स्वतः कितीतरी मालकांना बोललोय, त्यामुळे त्याचा अर्थ मला माहीत आहे. दिवाळी झाली की साखर कारखाने पेटतात. आपल्याकडची कितीतरी बिगारी माणसं ऊसतोडीची उचल घेऊन निघून जातात, ती मार्चच्या आगेमागे परततात. मग संक्रांतीला गड्डा यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम, दारूकाम, त्या दिवसांत सोलापूरचा माणूस कामावर येत नाही आणि येऊही नये, सिद्धरामेश्वरांची यात्रा वर्षातून एकदाच असते. ते पाच दिवस आधीच सोडून द्या. त्यात स्लॅब धरायचाच नाही. म्हणजे ठेकेदारांना आज विचारायचा प्रश्न "कधी लावता" हा नाही. नोव्हेंबरात गवंडी किती, बिगारी किती, मुकादम कोण आणि त्याच मुकादमाच्या हाताखाली आणखी किती साइट आहेत, हे विचारा.

सगळ्यात मोठा खोळंबा इथेच असतो. एक टोळी आणि चार साइट. ज्याचा मालक जास्त ओरडतो तिकडे टोळी जाते. याची चाहूल तुमच्या वडिलांना लागू शकते, ते रोज जातातच. त्यांना संध्याकाळऐवजी सकाळी साडेनऊला जायला सांगा आणि माणसं मोजायला सांगा. गवंडी इतके, बिगारी इतके, एवढंच वहीत. सलग दोन दिवस आकडा निम्म्यावर आला तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन. दुसरी खूण सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, प्लेटांची. पुढचा स्लॅब बांधायचा असताना प्लेटा गाडीत भरून दुसरीकडे निघाल्या, तर तुमचा स्लॅब किमान पंधरा दिवस लांबला असं समजा.

पाणी. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. उजनी भरली म्हणून घरातल्या नळाचा वार बदलत नाही. फेब्रुवारीपासून टँकरला मागणी वाढते आणि नेमका तेव्हाच तुमचा गिलावा चालू असेल. जमिनीखालची पाण्याची टाकी शेवटी बांधायची पद्धत आहे. तुम्ही ती आत्ता बांधून घ्या, बांधकामालाच उपयोगी पडेल. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) किंवा कोरड्या उन्हाळी हवेत किमान दहा दिवस कॉंक्रीट सतत ओलं ठेवावं लागतं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवलं तर निभतं, पण कॉलमला गोणपाट गुंडाळून दिवसातून चार वेळा भिजवणारा माणूस ठरलेला लागतो. साइटवर रोज सगळे असतात आणि कॉलमला पाणी कोणीच मारलेलं नसतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

मागे पडलेले दिवस भरून काढायची घाई होईल तेव्हा एक सांभाळा. टेकू लवकर काढून दिवस वाचवू देऊ नका. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्यापुढच्याचे १४, सहा मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या बीमचे २१, आणि हे साध्या सिमेंटचे आकडे आहेत, पीपीसीला त्याहून जास्त. दिवस वाचतात ते दुसरीकडे. वरचा स्लॅब पिकत असताना खालच्या मजल्याचं वीटकाम चालू ठेवता येतं, चौकटी आणि ग्रिल कारखान्यात तयार होऊ शकतात, कायमच्या वीजजोडणीचा अर्ज आत्ता टाकता येतो. यातलं काहीच एकमेकांसाठी थांबत नाही, पण सवयीनं थांबवलं जातं.

आता जिना. आईंसाठी बदललात ते योग्यच केलंत, त्याबद्दल मनात काही ठेवू नका. पण तो बदल कागदावर असताना झाला असता तर एका दिवसाचं काम होतं. म्हणून उरलेले सगळे निर्णय दिवाळीच्या सुट्टीत बसून घ्या : फरशी, बाथरूमची उंची, किचनचा ओटा कुठल्या भिंतीला, स्विचबोर्ड कुठे, खिडक्या सरकत्या की पल्ल्याच्या. आईंना साइटवर नेऊन खडूनं पलंग आणि कपाट आखून दाखवा. नकाशावर बाईमाणसाला काय पुरुषाला काय, खोली केवढी ते कळत नाही. आणि जानेवारीनंतर एखादा बदल करावासा वाटला, तर आधी ठेकेदारांकडून दिवस आणि पैसे लिहून घ्या, मगच हो म्हणा.

दिवस धरायची एक रीतही सांगतो. १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलानं पाणबुडीवरच्या क्षेपणास्त्राच्या कामासाठी ती बसवली, तिला पर्ट म्हणतात. प्रत्येक कामाचे तीन आकडे विचारायचे : सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, नेहमी किती लागतात, आणि सगळं बिनसलं तर किती. समजा गिलाव्याला २५, ३५ आणि ६३. मधल्याला चारनं गुणा, तिन्ही मिळवा, सहानं भागा. ३८ येतात. ठेकेदार तुम्हाला नेहमी पंचवीस सांगणार, कारण तुम्हाला तेच ऐकायचं असतं. तिन्ही आकडे विचारले की माणूस खरं बोलायला लागतो, हा माझा अनुभव आहे.

अक्षय तृतीयेबद्दल मनापासून सांगतो. दोन्ही मजले तोवर पूर्ण होतील असं मला दिसत नाही. पहिला मजला राहण्याजोगा करायचा आणि दुसऱ्याचं नुसतं आरसीसी व वीटकाम धरायचं, असं ठरवलंत तर जमेल. भागशः भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे झालेल्या भागापुरती राहायची परवानगी, मिळायची सोय नियमात आहे, तुमच्या आर्किटेक्टना विचारा. वडिलांना हे आत्ताच सांगा. एप्रिलमध्ये कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं त्यांना सोसेल.

---

पूर्वभाग_सेंट्रिंग · १३ ऑक्टोबर

ताई नमस्कार. मी सेंट्रिंगचा ठेका घेतो, अशोक चौकाकडे राहतो. घरात तेलुगू बोलतो, मराठी चुकली तर समजून घ्या. काकांचं बरोबर आहे, प्लेटा गेल्या म्हणजे समजून जायचं. पण प्लेटा का जातात ते पण सांगतो. स्लॅब पडला की आमचं बिल व्हायला पाहिजे. ठेकेदार म्हणतात मालकानं दिलं नाही, मालक म्हणतात मी तर दिलं. माझी पोरं शनिवारी माझ्या दारात बसतात. दुसऱ्या साइटवर रोख मिळतंय तर मी प्लेटा तिकडे नेणारच ना. तुम्ही ठेकेदाराला पैसे दिले की विचारा, सेंट्रिंगवाल्याला किती गेले. आम्हाला पण सरळ विचारा, आम्ही सांगतो.

अजून एक. मागच्या वर्षी एका साइटवर माझा पोरगा, म्हणजे कामावरचा, एकवीस वर्षांचा, डक्टच्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेच्या, तोंडावर नुसतं प्लायवूड टाकलं होतं त्यावर पाय ठेवला आणि एक मजला खाली गेला. मांडीचं हाड मोडलं. काम सव्वा महिना बंद. बाकीची पोरं पण त्या साइटवर यायला तयार नव्हती, कोणाचं मन होणार? डक्ट आणि जिन्याच्या मोकळ्या जागेला बल्ल्या आडव्या बांधून घ्या, बेल्ट द्या. आणि बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदाराला द्यायला सांगा. ज्या साइटवर दाखला वेळेवर मिळतो तिथे पोरं दुसऱ्या वर्षी पण येतात.

---

हप्तेवारी · १४ ऑक्टोबर

मी गृहकर्ज विभागात बारा वर्षं होते, तेवढ्यापुरतंच लिहिते. बँक टप्प्याटप्प्यानं पैसे देते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्लॅब पडल्यावर अर्ज, मग व्हॅल्युअरची, म्हणजे काम किती झालं ते बघणाऱ्या बँकेच्या माणसाची, भेट, मग त्याचा अहवाल, मग रक्कम, यात सहज दोन-तीन आठवडे जातात आणि तेवढे दिवस काम उभं. स्लॅबची तारीख ठरली की त्याच दिवशी बँकेत कळवून व्हॅल्युअरची वेळ मागून ठेवा. प्लिंथ तपासणीचा दाखला फाइलला आहे ना, तेही बघा. आणि महापालिकेची बांधकाम परवानगी एका वर्षाची असते, तेवढ्यात काम सुरू झालं नसेल तर मुदत वाढवून घ्यावी लागते. तुमची फेब्रुवारीच्या आधी मिळालेली असणार, म्हणजे वर्ष भरत आलं आहे. तुमचं काम प्लिंथच्या वर गेलंय, तरी वाढ लागते का ते आर्किटेक्टना विचारून घ्या.

---

लेकीची_वास्तू · १६ ऑक्टोबर

तिघांचेही खूप आभार. परवानगीची तारीख बघितली, २२ जानेवारीला वर्ष पूर्ण होतंय. कोणाच्याच लक्षात नव्हतं. आर्किटेक्टना आजच फोन केला.

काल ठेकेदारांना घरी चहाला बोलावून शांतपणे विचारलं. त्यांच्या मुकादमाकडे आमच्या धरून चार साइट आहेत आणि पाडव्यानंतर सात जण कारखान्यावर जाणार आहेत, हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. वीटकामासाठी दुसरा मुकादम आणायला तयार झाले, पण दर थोडा वाढवून मागतायत. आम्ही हो म्हणणार आहोत. सेंट्रिंगवाले दादा म्हणाले तसं बिलाचंही विचारलं, जूनच्या स्लॅबचे काही पैसे खरंच त्यांच्याकडून पुढे गेले नव्हते.

वडिलांना एकच मजल्याचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले. मग उठून दोनशे पानी वही घेऊन आले आणि पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "सकाळी ९.३०, हजेरी, मी."

काका, एक विचारायचं राहिलं. स्लॅबवर वर आलेल्या कॉलमच्या सळया अख्खा पावसाळा उघड्या होत्या, लालभडक झाल्यात. ठेकेदार म्हणतात काही होत नाही.

---

ओळंबा · १६ ऑक्टोबर

ताई, नुसती तांबूस भुकटी असेल आणि तारेच्या ब्रशनं घासल्यावर खाली सळई गुळगुळीत लागत असेल, तर चिंता नाही. पण पापुद्रे सुटत असतील किंवा अंगावर बारीक खड्डे दिसत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरना साइटवर बोलवा, फोटोवर विचारू नका. ते व्हर्नियरनं जाडी मोजून सांगतील. घासून झाल्यावर कॉलमच्या पायथ्याशी स्लॅबवर जी पांढुरकी साय धरलेली असते, तीही छिन्नीनं टिचून खडी उघडी पडेपर्यंत काढायला लावा, मग पाण्यानं धुवा. बऱ्याच ठिकाणी तेवढं सोडून देतात आणि कॉलमचा सांधा तिथेच कच्चा राहतो. सळया ओळीत नाहीत म्हणून कोणी मुळाशी वाकवू लागलं तर थांबवा.

हे घासायचं काम दिवाळीच्या आधी उरकू नका, पुन्हा गंज चढेल. कॉलमच्या प्लेटा लावायच्या आदल्या दिवशी करा. वडिलांच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर आत्ताच लिहून ठेवा. आणि मुदतवाढ लागते असं आर्किटेक्ट म्हणाले, तर अर्ज टाकल्यावर त्याची पोच स्वतःकडे घ्या.